इन्फर्मेशन सिस्टीम म्हणजे सॉफ्टवेअरच ना?

बीबीए_पहिलं_वर्ष: व्याख्या पाठ आहे: माणसं, कार्यपद्धती, माहिती, हार्डवेअर, सॉफ्टवेअर. पण सगळे सॉफ्टवेअरलाच सिस्टीम म्हणतात. मग फरक करून मिळतं काय? खरं उदाहरण द्याल का?

जुना_तलाठी: सातबारा घे. हाताने उतारे लिहिले, ई-फेरफार या नोंदींच्या सरकारी सॉफ्टवेअरवरही काम केलं, म्हणून सांगतो. गाव नमुना 7 मध्ये जमीन कुणाची, क्षेत्र किती, बोजा कसला. 12 मध्ये पिकं. पण त्यावर नाव थेट चढत नाही. खातेदार वारला की वारसांची नोंद 6क या वारस नोंदवहीत, मग नमुना 6 मध्ये फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, धरायचा, चावडीवर लावायचा, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी 15 दिवस थांबायचं. हरकत आली तर प्रकरण वादग्रस्त नोंदवहीत जातं, सुनावणी होते. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि तेव्हा कुठे सातबारा बदलतो.

ती नोटीस नीट बघ. भाऊ अर्ज देतात, त्यात लग्न होऊन परगावी गेलेल्या बहिणीचं नाव नसतं. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, पण तो बजावायची पहिली संधी या 15 दिवसांत असते. म्हणून वारसांची चौकशी गावात फिरूनच करावी लागते. अर्जात जे नाव नाही ते संगणकाला कुठून दिसणार? चावडी, नोटीस, चौकशी करणारा माणूस, हे सगळं सिस्टीममध्येच मोडतं.

कोडवाला_पुणे: मग 15 दिवस ऑनलाइन करून दोनवर आणता येणार नाहीत का? लोक किती खेटे घालतात!

जुना_तलाठी: खेटे नक्की वाचवा. खरेदीखत नोंदलं की दुय्यम निबंधकांकडून माहिती ऑनलाइन तहसीलला येते, हे फार चांगलं झालं. पण हरकतीची मुदत म्हणजे दप्तरदिरंगाई नव्हे. सॉफ्टवेअर म्हणजेच सिस्टीम असं धरलं की पहिली कात्री तिलाच लागते, आणि बहिणीला कळेपर्यंत जमीन विकलेली असते.

बीबीए_पहिलं_वर्ष: आता कळलं. आमच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव चुकीचं टाइप झालंय. वेबसाइटवर तक्रार करू?

जुना_तलाठी: उतारा बघायची वेबसाइट फक्त नोंद दाखवते. जुना हस्तलिखित उतारा आणि त्या फेरफाराची नक्कल काढ, दोन्ही जोडून जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज दे. लेखनप्रमाद, म्हणजे लिहिण्यातली चूक, दुरुस्त करायचा अधिकार तिथे आहे. पोच घ्यायला विसरू नकोस.