गोरज मुहूर्ताचं लग्न, स्टेजवर एलईडी पार: फोटोत आडवे पट्टे आणि जांभळे चेहरे

तिकटीवरचा

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात गारगोटी रोडच्या एका लॉनवर गोरज मुहूर्ताचं लग्न आहे. स्टेज उघड्यावर, मागं मोठी एलईडी वॉल, वर ट्रसला (लोखंडी सांगाड्याला) रंगीत पार, म्हणजे एलईडीचे फोकस दिवे. त्याच स्टेजवर टेस्ट फ्रेम काढल्या आणि तीन अडचणी दिसल्या.

१) फोटोत आडवे काळपट पट्टे. त्यांची जाडी दर फ्रेमला वेगळी.
२) चेहरे जांभळे. लाल कापडाचा नुसता गोळा दिसतो, जरीचा पोत नाही. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची) फाईल कितीही ओढली तरी परत येत नाही.
३) लागोपाठच्या दोन फ्रेमचा रंग जुळत नाही.

सामान: २४ मेगापिक्सलच्या दोन फुल फ्रेम मिररलेस बॉडी (कॅमेरे), २४-७० एफ २.८ आणि ८५ एफ १.८ लेन्स, दोन स्पीडलाइट (सुटे फ्लॅश), ते लांबून पेटवायला एक ट्रिगर. टेस्टला सायलेंट (बिनआवाजाचं, इलेक्ट्रॉनिक) शटर, १/२५०, आयएसओ ६४०० आणि ऑटो व्हाइट बॅलन्स होतं. लग्नात फ्लॅश कॅमेऱ्यावरच लावायचा विचार आहे. व्हिडिओची टीम वेगळी आहे. अंतरपाट निघताना लोक स्टेजसमोर उठून उभे राहतात, तेव्हा थांबायचं कुठं हेही सांगा.

उजेडवाला

भावा, पहिल्यांदा सायलेंट शटर बंद कर. निम्मे पट्टे तिथंच जातील.

कारण असं. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचतं. साध्या सेन्सरला पूर्ण फ्रेम वाचायला सेकंदाचा विसावा भाग लागला असं धर. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे विजेवरचा साधा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. विसाव्या भागात तो पाच वेळा लुकलुकला, की पाच पट्टे. तू १/२५० ठेवलंस त्यानं प्रत्येक ओळीला उजेड कमी वेळ मिळतो, पण पहिली आणि शेवटची ओळ यांतलं अंतर तेवढंच राहतं. मेकॅनिकल शटरचा पडदा फ्रेम फार लवकर पार करतो, म्हणून त्यात पट्टे कमी.

मग शटर १/१०० वर आण. त्यात प्रत्येक ओळीला दिव्याचं एक पूर्ण आवर्तन मिळतं. १/५० ला दोन मिळतात. १/१२५ आणि १/२०० ला अर्धवट आवर्तन येतं, म्हणून ते टाळ. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू ठेव, पण ते विजेच्या १०० च्या लयीसाठी आहे. स्वस्त पार आणि एलईडी वॉलची लय वेगळी असते. लॉन जनरेटरवर असेल तर तिथली वीज बरोबर ५० ला टिकत नाही, त्यामुळं थोडा चढ-उतार राहणारच.

पारची खरी गोम डिमरमध्ये आहे. हे दिवे मंद करायचे म्हणजे आतली एलईडी भराभर चालू-बंद होते. मंद केलेला पार जास्त पट्टे देतो, पूर्ण तेजावर असला की ही चालू-बंद जवळपास थांबते. म्हणून लाइटवाल्याला सांगायचं: उजेड कमी करायचा तर पारांची संख्या कमी कर, डिमर खाली आणू नको. नवरा-नवरीवर पुढून फक्त वॉर्म व्हाइट, रंग मागच्या पडद्यावर आणि खांबांवर. कंट्रोलरवर ‘लग्न’ आणि ‘रिसेप्शन’ असे दोन सीन सेव्ह करून घे. मंगलाष्टकं चालू असताना गाण्याच्या ठेक्यावर रंग बदलणारा ऑटो मोड चालू राहिला, तर तिसऱ्या अडचणीवर कुठलंच सेटिंग उपयोगाचं नाही. ही बोलणी डेकोरेशन चढवतानाच करायची. वऱ्हाड आल्यावर लाइटवाला सापडत नाही.

जांभळ्या चेहऱ्याचं गणित वेगळं आहे. रंगीत एलईडीत लाल, हिरवा, निळा एवढेच तुकडे असतात, मधले रंग जवळपास नसतात. निळा-गुलाबी पार चेहऱ्यावर पडला की एकच चॅनेल (लाल, हिरवा, निळा यांतला एक) भरून वाहतो आणि दुसऱ्यात काहीच उरत नाही. साधा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) सगळं ठीक दाखवतो, कारण तो सरासरी बघतो. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लाव. लाल उजव्या कडेला आपटत असेल तर एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली घे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). वाहून गेलेला चॅनेल रॉमध्येही नसतो, म्हणून तुझा पोत परत येत नाही.

आता फ्लॅश. उघड्या लॉनवर बाउन्स कशावर करणार, म्हणजे फ्लॅशचा उजेड कशावर आपटून आणणार, आभाळावर? दोन्ही स्पीडलाइट स्टँडवर घे, स्टेजच्या पुढच्या दोन कोपऱ्यांना, छत्री लावून, जोडप्यापासून साधारण ५ मीटरवर. १/१६ पॉवर, आयएसओ १६००, एफ ४, १/१०० पासून सुरुवात कर आणि जागेवर अर्धा स्टॉप इकडं-तिकडं कर. दोन्ही फ्लॅशना अर्ध्या सीटीओचा (उजेड पिवळसर करणारा) नारिंगी कागद आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाचा समतोल, हातानं ४००० केल्विन. म्हणजे फ्लॅश आणि वॉर्म व्हाइट जवळ येतात आणि गोरजेचं आभाळ गडद निळं उतरतं. ऑटो व्हाइट बॅलन्स विसर, मागच्या वॉलवर चित्र बदललं की ते चेहऱ्याचा रंग बदलतं.

मुहूर्ताची वेळ पत्रिकेवर बघ. कोल्हापुरात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मेमध्ये जवळजवळ सातला. मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत मागचं आभाळ कित्येक स्टॉपनं उतरतं. फ्लॅशला हात लावायचा नाही, एफ आणि आयएसओ तेच ठेवायचे. आभाळासाठी शटर १/१०० वरून १/५० वर आणता येतं, त्याखाली हलणारी माणसं पुसट येतात.

करवली_८५

उजेडाचं वर आलंच आहे. मी अंतरपाटाबद्दल लिहिते, कारण तिथं दुसरी संधी नसते.

खूण गुरुजींच्या तोंडात आहे. प्रत्येक अष्टकाच्या शेवटी ‘सावधान’ येतं आणि अक्षता पडतात, पण अंतरपाट तेव्हा निघत नाही. ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ सुरू झालं की शेवट आला समजा. त्यानंतर वाजंत्री आणि मग पाट निघतो. काही घरांत मावश्या-आत्या स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणतात आणि क्रम बदलतो, म्हणून गुरुजींना आधीच दोन प्रश्न विचारून ठेवा: शेवटचं कोणतं, आणि पाट कुठल्या बाजूला ओढणार. ज्या बाजूला ओढणार तिथं उभं राहिलं तर कापड थेट लेन्सवर येतं. पलीकडची बाजू धरा.

जमिनीवरून हा फोटो होत नाही. एक बॉडी २४-७० लावून स्टेजवरच, गुरुजींच्या मागं, तिरक्या कोनातून. दोन्ही मामा मागं उभे असतात, करवल्या दिवा आणि कलश घेऊन बाजूला, त्यामुळं रिकामी जागा दोन-अडीच फूटच मिळते. ती साडेपाचलाच बघून ठेवा. दुसरी बॉडी ८५ लावून मदतनिसाकडं, खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेमागं, दोन पायऱ्यांच्या स्टुलावर. पुढच्या रांगा उठल्या तरी तो वरून बघतो.

फोकस: अक्षता आणि पाकळ्या मधून उडाल्या की कॅमेरा डोळा सोडून तांदूळ पकडतो. फोकस ट्रॅकिंगची संवेदनशीलता ‘लॉक’कडं सरकवा, म्हणजे मधे काही आलं तरी फोकस चेहरा सोडत नाही. एफ २.८ ला एक चेहरा धारदार आणि दुसरा मऊ येतो. एफ ४ ते ५.६ लागतंच. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश इथं नकोच. लेन्सजवळून पडणारे दाणे त्यात पांढरे गोळे होऊन चेहऱ्यावर बसतात. बाजूच्या स्टँडवरून फ्लॅश आला तर तेच दाणे कडेनं चमकतात. १/१६ वर फ्लॅश इतका क्षणभर पेटतो की दाणा हवेत थांबलेला दिसतो, पण त्यासाठी स्टेजचा बाकीचा उजेड फ्लॅशपेक्षा दोन स्टॉप खाली असावा, नाहीतर दाण्यामागं शेपटी येते.

फेटा आणि मुंडावळ्या हा आपल्याकडचा खास त्रास. ट्रसवरचा दिवा डोक्यावरून येतो, फेट्याची कड नवऱ्याच्या डोळ्यांवर सावली टाकते आणि मुंडावळ्यांच्या रेघा गालांवर पडतात. नथीची सावली ओठावर, ती वेगळीच. म्हणून छत्री फार उंच नको. स्टेज साडेतीन फूट असेल तर जमिनीपासून साधारण दहा फूट, म्हणजे उभ्या जोडप्याच्या डोक्याच्या जरा वर. खाली पाच लिटरचा पाण्याचा कॅन अडकवा. लॉनवर वारं आलं की छत्री शिडासारखी फुगते, आणि पोरं वायरीत पाय घालतातच.

पंचवीस_एफपीएस

व्हिडिओच्या बाजूनं थोडा विरोध. स्टँडवरच्या फ्लॅशनं आमच्या क्लिपमध्ये अर्धी फ्रेम पांढरी, अर्धी काळी येते, कारण व्हिडिओतही सेन्सर ओळीनंच वाचला जातो. मंगलाष्टकांत प्रत्येक ‘सावधान’ला दहा फ्लॅश मारले तर एडिटला काही शिल्लक राहत नाही.

माझं मत: विधीपुरता फ्लॅश बंद, आमचे दोन २०० वॉटचे सीओबी (सतत चालू राहणारे मोठे एलईडी) दिवे सॉफ्टबॉक्समध्ये लावतो त्यावरच काढा. ४ मीटरवर एफ ४, १/१००, आयएसओ १६०० ते ३२०० मिळतं. आम्ही सेकंदाला २५ फ्रेम घेताना शटर १/५० वर ठेवतो, म्हणजे दोघांचेही पट्टे जातात. अट एकच, केल्विन दोघांनी मिळून ठरवायचं. दिवा दोन रंगांचा असेल तर ४०००, नुसता डेलाइट असेल तर त्यालाही सीटीओ. उसाच्या रानाला लागून लॉन असेल तर या दिव्यांवर किडे जमतात, तेव्हा दिवे मुहूर्ताला दहा मिनिटं उरल्यावरच चालू करा.

आणि वरातीत डीजेचा लेझर असेल तर लेन्स तिकडं वळवू नका. किरण थेट आत गेला तर सेन्सरवर कायमची रेघ किंवा ठिपका पडतो. मिररलेसमध्ये सेन्सर सतत उघडा असतो, त्यामुळं शटर न दाबताही हा धोका आहे.

उजेडवाला

सीओबी असतील तर मान्य, पण ते २०० वॉटचेच आहेत का ते आधी विचारून घे. कॅमेऱ्यावरचा छोटा पॅनेल ४ मीटरवर काही कामाचा नाही. मधला मार्ग: मंगलाष्टकं सीओबीवर, शेवटचं अष्टक संपताना ट्रिगर चालू, पाट निघून हार पडेपर्यंत सात-आठ फ्लॅश, परत बंद. तेवढं व्हिडिओवाले कापून घेतात.

लाजाहोमाला मात्र फ्लॅश नाहीच. समोरून मारला तर धूर पांढरा होऊन भिंतीसारखा उभा राहतो. बाजूच्या एका दिव्यावर काढ.

शीटवाली_शाहूपुरी

अल्बम डिझाईनच्या टेबलावरून एवढंच.

दोन्ही बॉडींचं घड्याळ सकाळी सेकंदापर्यंत जुळवा. फाईली वेळेनुसार लावल्या जातात. चार मिनिटांचा फरक असला तर हार आधी आणि अंतरपाट नंतर येतो, आणि सगळं हातानं लावत बसावं लागतं.

१२ बाय ३६ इंचांची शीट (अल्बमची उघडलेली जोडपानं) ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १०८०० बाय ३६०० पिक्सल होते. तुमची फाईल ६००० बाय ४०००. एकच फोटो पूर्ण शीटवर पसरला तर साधारण १६७ डीपीआय उरतात. हातात धरून बघायच्या अल्बमला ते चालून जातं, पण त्यातून आणखी क्रॉप केला तर चालत नाही. म्हणून पसरायच्या फ्रेम जरा रुंद काढा, आणि नवरा-नवरी दोन बाजूंना, मधे जागा ठेवून. शीट मधोमध दुमडते. अंतरपाटाची फ्रेम त्यासाठी आयतीच आहे, घडी बरोबर पाटावर येते.

पट्टे डिझाईनमध्ये निघत नाहीत. भिंतीवरचे लपवता येतात, चेहऱ्यावरून गेलेले नाही. फाईली एसआरजीबी या रंग-प्रोफाईलमध्ये द्या.

तिकटीवरचा

सगळ्यांचे आभार. म्हणजे मेकॅनिकल शटर, १/१००, एफ ४, आयएसओ १६००, ४००० केल्विन, दोन छत्र्या अर्ध्या सीटीओसह, लाइटवाल्याबरोबर दोन सीन, व्हिडिओवाल्याशी केल्विन ठरवणं. ट्रिगरवर टीटीएल (फ्लॅशची पॉवर कॅमेऱ्यानंच ठरवायची पद्धत) ठेवतो म्हणजे अंतर बदललं तरी चालेल ना?

शिवाय कार्डाचं काय? एका लग्नाला तीन हजार फ्रेम धरल्या तर?

उजेडवाला

रॉ फाईल साधारण २५ ते ३० एमबी धर, म्हणजे तीन हजारांना ७५ ते ९० जीबी. प्रत्येक बॉडीत १२८ ची दोन कार्डं, दुसऱ्या स्लॉटवर बॅकअप मोड (प्रत्येक फाईल दोन्ही कार्डांवर), ओव्हरफ्लो (पहिलं भरल्यावर दुसरं) नाही. घरी गेल्यावर दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी करायचं, कट-पेस्ट करायचं नाही. दोन्हीकडच्या फाईलींची संख्या आणि आकार जुळल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नको. फॉरमॅट कॅमेऱ्यातच करायचं.

आणि टीटीएल काढ. अंतरपाट पांढरा असतो. तो मधे धरलेला असताना टीटीएल पांढरं बघून फ्लॅश कमी करतं, पाट निघाला की समोर लाल शालू आणि काळपट मागची बाजू बघून एकदम वाढवतं. नेमक्या त्याच दोन फ्रेममध्ये दीड-दोन स्टॉपचा फरक पडतो. तू स्टँड हलवणार नाहीस, जोडपंही जागेवरून हलणार नाही, म्हणजे अंतर बदलतच नाही. मॅन्युअल १/१६.