ग्वांगझूमधील रहदारी आणि वयस्कर वडिलांची सोबत : मार्गदर्शन हवे

पंचगंगा :

नमस्कार. कोल्हापुरात आमची छोटी फौंड्री आहे. ऑक्टोबरमध्ये ग्वांगझूला भरणाऱ्या कँटन फेअर या व्यापारी प्रदर्शनाच्या पहिल्या टप्प्यासाठी, म्हणजे १५ ते १९ तारखेदरम्यान, मी आणि माझे वडील प्रथमच चीनला जात आहोत. बाबांचे वय ६८ आहे. गुडघ्यांमुळे ते सावकाश चालतात, पण यंत्रसामग्रीची दालने स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची त्यांची फार वर्षांची इच्छा आहे. तिकडे जाऊन आलेल्या एका परिचितांनी रस्ता ओलांडण्याची आणि टॅक्सीवाल्यांची इतकी धास्ती घातली आहे की आईला आता बाबांना पाठवायचेच नाही. आम्हा दोघांनाही चिनी भाषेचा गंध नाही. रस्त्यावर वावरताना, वाहन करताना आणि पैसे देताना नेमकी कोणती काळजी घ्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दूरदेशी :

मी ग्वांगझूमध्ये चार वर्षे राहिले. आपण बाबांना अवश्य घेऊन जा; मात्र एक गोष्ट त्यांना इथेच नीट समजावून सांगा. आपल्याकडे रस्त्याने चालताना निम्मे काम आपण कानांवर सोपवलेले असते, कारण मागून येणारा हॉर्न वाजवणार हे आपण गृहीत धरतो. ग्वांगझूत ती सवय घात करते. शहराच्या मध्यवर्ती भागात २००७ सालापासून मोटारसायकलींना बंदी आहे आणि त्यांची जागा आता विजेवरच्या दुचाकींनी घेतली आहे. घरपोच जेवण पोचवणारी मुले या गाड्या पदपथावरूनही नेतात, कधी उलट्या दिशेनेही येतात, आणि जवळ येईपर्यंत त्यांचा आवाज होत नाही. पहिल्याच आठवड्यात भाजीच्या दुकानातून मी बाहेर पाऊल टाकले आणि एका दुचाकीचा आरसा माझ्या कोपराला घासून गेला. पिशवीतले टोमॅटो पायरीवर विखुरले तेव्हा कुठे काय झाले ते मला कळले. त्या दिवसापासून दुकानाच्या दारातून बाहेर पडतानाही मी दोन्ही बाजूंना पाहू लागले. बाबांना पदपथावर इमारतींच्या बाजूने चालू द्या, आणि चालता चालता अचानक बाजूला वळू नका, असे सांगा.

तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे रस्त्यात उतरताना पहिली नजर डावीकडे जायला हवी. याहून महत्त्वाचे म्हणजे, उजवीकडे वळणाऱ्या गाड्यांना लाल दिव्यावरही सहसा वळता येते आणि पादचाऱ्यांचा हिरवा दिवा लागलेला असतानाही त्या वळत असतात. पादचाऱ्याला आधी जाऊ द्यावे असा कायदा आहे, पण त्याच्या भरवशावर पाऊल टाकू नये. गाडी खरोखर थांबली आहे हे पाहावे, शक्यतो स्थानिक लोकांच्या घोळक्यातून जावे, आणि दिव्यावरचे सेकंद संपत आले असतील तर पुढच्या हिरव्या दिव्याची वाट पाहावी. जवळ मेट्रो स्थानक असेल तर भुयारातून पलीकडे जाणे सर्वांत सुरक्षित असते; मात्र लिफ्ट स्थानकाच्या प्रत्येक दाराशी नसते, म्हणून गुडघ्यांचा विचार करून ती कोणत्या दाराशी आहे हे आधी पाहून ठेवा.

नमुनेवाला :

दूरदेशी यांच्याशी पूर्ण सहमत आहे. मी खरेदीसाठी ग्वांगझूला अनेकदा गेलो आहे, त्यामुळे टॅक्सी आणि पैशांविषयी लिहितो. प्रदर्शनाच्या फाटकाबाहेर ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत जवळ येणाऱ्या माणसाबरोबर कधीही जाऊ नये. अशाच एका चालकाने माझी १०० युआनची नोट हातात घेतली आणि खोटी म्हणून परत केली. हॉटेलात पोचल्यावर लक्षात आले की परत मिळालेली नोट माझी नव्हतीच, आणि ती खरोखरच खोटी होती. त्यानंतर मी वाहनाचे पैसे फोननेच देतो. अलीपे हे फोनवरून पैसे देण्याचे चिनी अ‍ॅप निघण्यापूर्वी भारतातच उतरवून घ्या, पासपोर्टची पडताळणी पूर्ण करा आणि आपले आंतरराष्ट्रीय कार्ड जोडा. बँकेला परदेशी व्यवहार सुरू करायला सांगायला विसरू नका. २०० युआनपर्यंतच्या व्यवहारावर अलीपे जादा शुल्क घेत नाही, त्यावरील रकमेला ३ टक्के लागतात. बाबांच्या फोनमध्येही हीच सोय करा, म्हणजे चुकामूक झाली तरी ते एकटे हॉटेल गाठू शकतील. हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत छापलेले कार्ड त्यांच्या खिशात असू द्या.

दिदी या ओलासारख्या चिनी सेवेची गाडी अलीपेमधूनच बोलावता येते आणि चालकाला पाठवलेला संदेश आपोआप भाषांतरित होतो. गाडीत बसण्याआधी नंबर पाटी जुळवून पाहा. विजेवरच्या गाड्यांची पाटी हिरवी असते आणि एकाच रंगाच्या दहा गाड्या ओळीने उभ्या असतात, म्हणून शेवटचे आकडे वाचूनच दार उघडा. गूगलचा नकाशा तिथे जागा काही शे मीटर सरकवून दाखवतो. त्याऐवजी गाओद या चिनी अ‍ॅपचा नकाशा वापरा.

पंचगंगा :

दोघांचेही मनापासून आभार. सायंकाळी प्रदर्शन सुटल्यावर बाबांना मेट्रोने न्यावे की गाडीने? सोबत पंपाच्या ओतीव भागांचे दोन-तीन नमुनेही असतील.

दूरदेशी :

प्रदर्शन सहा वाजता बंद होते आणि त्या वेळी फाटकासमोर गाडी मिळवणे फार कठीण जाते. मेट्रोच्या ८ क्रमांकाच्या मार्गावरची शिन्गांग दोंग आणि पाझोऊ ही स्थानके अगदी जवळ आहेत, पण त्या तासाला तिथे दादरसारखी गर्दी उसळते. बाबांसाठी पाच वाजण्यापूर्वीच निघा. आपल्या हॉटेलची प्रदर्शनापर्यंत बस आहे का, हेही आरक्षण करतानाच विचारा. पुष्कळ हॉटेले त्या काळात ती ठेवतात. मेट्रोत प्रत्येक पिशवी यंत्रातून जाते आणि जड धातूचा तुकडा दिसला की पिशवी उघडायला लावतात. नमुने वर्तमानपत्रात न गुंडाळता पारदर्शक पिशवीत वरच्या बाजूला ठेवा आणि कंपनीचे चिनी भाषेतले माहितीपत्रक त्यांच्यासोबत ठेवा, म्हणजे रक्षकाला ते दाखवता येईल. एखाद्या नमुन्याची कड धारदार असेल तर तो सोबत न बाळगता कुरिअरने हॉटेलवर पाठवण्यास विक्रेत्याला सांगा.