चीनचं 'सोशल क्रेडिट': आकडा आहे की यादी?

अनिकेत_दे: 'सोशल क्रेडिट', म्हणजे लोकांची आणि कंपन्यांची विश्वासार्हता नोंदवण्याची चीनची व्यवस्था. तिच्याबद्दल 'सिग्नल तोडला की चीनचं सरकार गुण कापतं' हा मेसेज पुन्हा फिरतोय. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष माइक पेन्स यांनीही जाहीर भाषणात असंच चित्र रंगवलं होतं. पण देशभराचा असा एक आकडा नाहीच. ३५० ते ९५० गुण देणारं 'सेसमी क्रेडिट' हे ॲन्ट या खासगी कंपनीचं आणि ऐच्छिक. १००० गुणांपासून सुरुवात होते ती शानडोंगमधल्या रोंगचेंग शहराच्या प्रयोगात. बाकी बराचसा पसारा कंपन्यांसाठी आहे: प्रत्येकीला १८ अंकी-अक्षरी क्रमांक आणि त्याखाली कर, परवाने, दंड यांच्या नोंदी.

मुक्ता_प: आकडा नाही म्हणून सुटलो का? खरा चाप कोर्टाच्या थकबाकीदार यादीचा, २०१३ पासूनचा. निकाल लागला आणि ऐपत असून पैसे भरले नाहीत, की नाव जाहीर होतं. तिथे तिकीट ओळखपत्र क्रमांकावर निघतं, त्यामुळे विमान आणि 'जी' वर्गाची हायस्पीड गाडी आपोआप बंद. मुलांना महागड्या खासगी शाळेत घालायलाही मनाई.

अनिकेत_दे: ही तर दिवाणी वसुली! पैसे भरले की कोर्टाने ३ कामाच्या दिवसांत नाव काढायचं, असा नियम आहे.

मुक्ता_प: नियम आहे हो, पण 'पालन झालं' हे ठरवणार तेच कोर्ट. पत्रकार ल्यू हू यांचंच घ्या. बदनामीच्या खटल्यात हरल्यावर त्यांनी माफी मागितली, कोर्टाला ती मनापासूनची वाटली नाही. नाव यादीत गेल्याचं त्यांना कळलं २०१७ मध्ये, विमानाचं तिकीट नाकारलं गेलं तेव्हा. आधी नोटीस नाही, हा माझ्या मते सगळ्यात गंभीर दोष.

सुहास_४११०: आपल्याकडे सिबिल ३०० ते ९०० आहेच की.

मुक्ता_प: सिबिल घसरला तर कर्ज अडतं, रेल्वेचं तिकीट नाही.

अनिकेत_दे: पण सुधारणाही बघा. चीनमधली स्थानिक कार्यालयं वाटेल ते नोंदवत सुटली, तेव्हा डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानेच बजावलं: कायद्याचा आधार नसेल तर नोंद नाही, शिक्षाही नाही.

मुक्ता_प: म्हणजे सहा वर्षं आधाराविना चाललं, कारण सोशल क्रेडिटचा मूळ आराखडा २०१४ चा. आणि परदेशातल्या चुकीच्या चित्राचा तोटा इथेच होतो. युरोपच्या एआय कायद्याने फेब्रुवारी २०२५ पासून 'सोशल स्कोअरिंग'वर, म्हणजे वागणुकीवरून माणसांना गुण देण्यावर, बंदी घातली. पण ती बंदी एआय यंत्रणांपुरती, त्यामुळे कारकुनाने हाताने भरलेली यादी तिच्यात येतच नाही.