केबल जोडली तरी साइट उघडत नसतील तर
जुन्या पीसीवर इंटरनेट हवं तर त्याला वायफायच्या नादी न लावता राउटरपासून सरळ लॅन केबल जोडा, हा सल्ला मला पटतो. पूर्वी थेट मोडेमवर चालणारा पीसी असेल तर जुना ब्रॉडबँड डायलर (युजरनेम-पासवर्ड टाकून नेट जोडायची सोय) तेवढा काढून टाका. लॉगिन आता राउटर करतो. आयपी पत्ता (नेटवर्कवरचा पीसीचा क्रमांक) आपोआप घेण्याचा पर्याय निवडला की झालं.

माझं घोडं मात्र भलत्याच ठिकाणी अडलं होतं. पिंग (समोरून उत्तर येतं का ते पाहायची चाचणी) व्यवस्थित जात होता, पण साइट एकही उघडेना, दर वेळी सर्टिफिकेटची, म्हणजे साइट खरी असल्याच्या डिजिटल दाखल्याची, तक्रार. दोन संध्याकाळी राउटरला शिव्या घालून झाल्यावर कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं: १ जानेवारी २००२! पीसी बंद असताना घड्याळ चालू ठेवणारी, मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी संपली होती, आणि तारीखच चुकीची म्हटल्यावर ब्राउझरला सर्टिफिकेट वैध वाटेना. ती बदलली, तारीख नीट केली आणि साइट उघडायला लागल्या. (राउटर बिचारा निर्दोष होता.)