मदत हवी आहे: आयईपीच्या बैठकीत मुलाला कसं सामील करावं?

आयईपी म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलासाठी बनवलेला वैयक्तिक शैक्षणिक आराखडा. त्याच्या बैठकीला पालक, विशेष शिक्षक, असतील तर थेरपिस्ट, निर्णयाचा अधिकार असलेलं कुणीतरी आणि वर्गशिक्षक लागतातच. वर्गशिक्षक नसले की ‘सूचना दोन टप्प्यांत द्यावी’ हे कागदावरच राहतं. भरल्या वर्गात ते कधी नि कसं करायचं, कुणी ठरवतच नाही. पालकांपुढे मसुदा थेट सहीलाच येतो, तो आठवडाभर आधी द्यायचं ठरतंय.

अडलंय ते पुढेच. न बोलणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पूर्ण बैठकीत बसवावं, की चित्रकार्डांवरून त्याची पसंती आधी नोंदवून पहिली दहा मिनिटंच आणावं? आणि कार्डं निवडायची कुणी? मोठ्यांनी निवडली की ‘नको’चं कार्ड हमखास गायब! मुलाची पसंती नोंदवायचा तक्ता कुणाकडे असेल तर कृपया इथे टाका.