मधल्या पक्षाच्या उमेदवाराला मत द्यावं का? पलूस तालुक्यातून विचारतेय

पलूसची ताई
विधानसभेला मत कुणाला, यावरून आमच्या गटात दोन तट पडलेत. आघाडीचे उमेदवार मध्यममार्गी, कारखान्याचे संचालक, भाषणात फुले-शाहू-आंबेडकर. मागच्या हंगामात आमच्या रानाशेजारी ऊसतोड टोळी उतरली होती. पाणी ओढ्याचं, संडास नाही. त्यातली एक सात महिन्यांची गरोदर, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायची. टँकर आणि फिरते संडास मागायला आम्ही चौघी त्यांच्याकडं गेलो. "बघू ताई, हंगाम संपू दे," म्हणाले. हंगाम संपला, टोळी गावाकडं गेली.

समोरचा उमेदवार भरसभेत कुणाच्या दुकानातून माल घ्यायचा नाही ते सांगतो. आमच्या गल्लीत बेकरीवाले चाचा राहतात, त्यांनी त्या दिवशी दुपारीच शटर ओढलं. तिसरे चळवळीतले, आपले, पण ते येणार नाहीत. नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी विधानसभेला त्याखालचा निवडून येतोच. काय करू?

वाळव्याचे मास्तर
ताई, आघाडीला द्या. २०१९ ची लोकसभा आठवा. सांगलीत वंचितच्या पडळकरांना ३ लाखांवर मतं पडली, आघाडीचे विशाल पाटील १ लाख ६४ हजारांनी पडले, भाजपचे संजयकाका आले. पुढं काही महिन्यांत पडळकर स्वतःच भाजपमध्ये गेले. ती सगळी मतं पुरोगामी होती असं मी म्हणणार नाही. पण ज्यांनी तत्त्व म्हणून दिली, त्यांच्या हाती काय लागलं?

जतकर
मास्तर, पुढचंही सांगा की. २०२४ ला आघाडीनं चंद्रहार पाटलांना उभं केलं, लोकांनी अपक्ष विशाल पाटलांना १ लाखावर मताधिक्य दिलं. तिथं वसंतदादांचं घराणं पाठीशी होतं, आपल्या माणसाकडं तसलं काही नाही, हे मान्य. पण दर वेळी समोरच्याच्या धास्तीनं मत दिलं तर या लोकांना आपल्या दारात यायची गरजच काय?

साताऱ्याची वाचक
पुणे पदवीधर मतदारसंघात सांगली-सातारा दोन्ही येतात. तिथं मतपत्रिकेवर १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा. मी पहिली पसंती चळवळीला देते, दुसरी मधल्याला. पहिला बाद झाला की मत दुसऱ्याकडं जातं. विधानसभेला एकच बटण, म्हणून हा पेच. अमेरिकेत २००० साली फ्लोरिडात बुश ५३७ मतांनी जिंकले, तिथं तिसऱ्या, ग्रीन पक्षाच्या नेडरना ९७ हजार मतं होती. तेव्हा ताई, तुमच्याकडं लढत किती अटीतटीची आहे ते आधी बघा.

पलूसची ताई
अटीतटीचीच आहे. चाचांसाठी मत आघाडीला देईन, ते ठरलं. पण मत वेगळं आणि राबणं वेगळं. आमच्या गटातल्या बायका घरोघर फिरतात, चिठ्ठ्या वाटतात, बूथवर बसतात, आणि उमेदवाराला तेच हवं असतं. ते फुकट मिळणार नाही. टोळीच्या तळावर टँकर, संडास, गरोदर बाईला मोळी नाही, एवढं लिहून सही द्यायची. नाहीतर आम्ही बायका आपल्या माणसाच्या प्रचाराला जाऊ.

जतकर, तुमच्या भागातून टोळ्या जातात. त्या बायकांना आणखी काय हवंय ते विचारून रविवारच्या आत कळवा, कागदात घालते.