ईस्टर २०२७: पहाटेची उपासना सगळ्या मंडळ्यांनी मिळून घ्यावी का?

रेल्वेलाइन्सकर
सर्वांना सलाम. २८ मार्च २०२७ ला ईस्टर आहे. सोलापुरात त्या पहाटे प्रत्येक मंडळीचा, म्हणजे चर्चचा, ज्याचा त्याचा मांडव, ज्याचा त्याचा साउंड, ज्याचा त्याचा चहा. पुढच्या आठवड्यात सेवाकार्य म्हणून सगळे दवाखान्यात फळं वाटायला जातात. एकाच वॉर्डात तीन-तीनदा केळी येतात आणि मे महिन्यात बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना पाणी विचारायला कुणी नसतं.
माझं म्हणणं असं: मोठ्या मैदानावर सगळ्यांची एकच पहाटेची उपासना घ्या आणि वाचलेल्या पैशांत एप्रिल-मे दोन महिने पाणपोई चालवा. पटत नसेल तर कारणासकट लिहा.

पूर्वभाग
पटत नाही. विडी घरकुल, कुंभारी, अक्कलकोट रोड इथल्या माणसाने पहाटे पाचला यायचं कशाने? बस नाही, रिक्षावाला मागेल ते द्यायचं. सत्तरीच्या आज्या घरीच राहतील. शिवाय काही मंडळ्या त्या पहाटे आधी ख्रिस्ती स्मशानभूमीत जातात, मग उपासनेला. ते मोडून मैदानावर या म्हणायचं का?
आणि भाषा? आमच्याकडे अर्धी मंडळी तेलुगूत गाते. ‘एकत्र’ म्हणजे सगळं मराठीत, असंच दरवेळी होतं. वर्षातून दोनदाच देवळात येणारी कुटुंबं ईस्टरला हमखास येतात. त्यांना त्यांचा पाळक (धर्मगुरू) दारात भेटला पाहिजे, दोन हजारांच्या गर्दीत स्टेजवर दिसून उपयोग नाही.

जुना पंच
पूर्वभागचं बरोबर आहे, पण सोडून देऊ नका. दिवस बदला. ईस्टरची पहाट ज्याची त्याला ठेवा, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) एकत्र घ्या.
मुळात पहाटेला ‘सगळे’ येणारच नाहीत. कॅथलिकांची पास्काची (ईस्टरची) उपासना शनिवारी रात्रीच होते, नवा अग्नी आणि पास्काची मेणबत्ती तेव्हाच. प्रभुभोजनही (भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) त्यांच्यात आणि आपल्या प्रोटेस्टंटांत एकत्र होत नाही. रविवारी मैदानावर प्रभुभोजन ठेवलं तर ते बाजूला राहणार, आणि नाही ठेवलं तर आपलेच लोक विचारतील की हा कसला ईस्टर. शुक्रवारी येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर उपासना असते, तिच्यात ही अडचणच नाही. सात उद्गार, सात मंडळ्या.
वेळ अशी बसते. प्रत्येक उद्गाराला २५ मिनिटं: वाचन २, संदेश १२, गीत ६, प्रार्थना ५. सात गुणिले २५ म्हणजे १७५. नेहमीसारखं बाराला सुरू केलं तर तीन वाजतात आणि कॅथलिकांची दुःखसहनाची उपासना तीनलाच असते. म्हणून साडेअकराला सुरू, दोन पंचवीसला संपवा.
बिघडतं ते संदेशात. पहिल्या तिघांनी आठ-आठ मिनिटं जास्त घेतली की सातव्याच्या वाट्याला एक मिनिट उरतं, आणि सातवा बहुधा सगळ्यांत लहान मंडळीचा असतो. चिठ्ठी पाठवून काही होत नाही, वक्ता ती खिशात घालतो. अकराव्या मिनिटाला पेटीवाल्याने पुढच्या गीताचा सूर धरायचा, हे आधीच सगळ्या पाळकांसमोर ठरवा. गीत पुस्तकातल्या क्रमांकाने नको, पहिल्या ओळीने सांगा, कारण सगळ्यांच्या हातात एकच पुस्तक नसतं. तिसरा उद्गार तेलुगूत, पाचवा कन्नडमध्ये, वाचन मात्र सातही वेळा मराठीत.
हे मैदानावर नको, छपराखाली घ्या. मार्चअखेरच्या दुपारी मांडवात तीन तास म्हणजे माणसं चक्कर येऊन पडतील, त्यात अनेकांचा उपवास.

साउंडवाला
मैदानाची बाजू घेणाऱ्यांसाठी एक मुद्दा. ध्वनी नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. त्या दिवशी सूर्य साधारण सहा पंचवीसला उगवेल. म्हणजे साडेपाचला मेणबत्त्या घेऊन बिनमाइकची गीतं आणि सहाला माइक, इतकंच जमतं. दोन हजार लोकांत बिनमाइकची गीतं म्हणजे पुढच्या रांगा एका ओळीवर, मागच्या दुसऱ्या. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या १०० मीटरच्या आत तर शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असू शकतं. आणि मांडववाल्याला फेब्रुवारीतच सांगा, त्याच आठवड्यात धुळवड आणि रंगपंचमी आहे.

रेल्वेलाइन्सकर
शुक्रवारचं मान्य. पण पंचसाहेब, एक उपासना वाढली आणि मांडव तेवढेच राहिले, तर पाणपोईला पैसे कुठून?

खजिनदार
पाचव्या उद्गाराला, ‘मला तहान लागली आहे’ म्हणतात तेव्हा, पाणपोईसाठी अर्पण घ्या. पण ‘संयुक्त समिती’च्या नावाने पिशवी फिरवू नका. समिती नोंदणीकृत नाही, तिचं खातं नाही. पैसे कुणाच्या तरी कपाटात राहतात आणि ऑडिटला कुणीच उत्तर देत नाही. एका नोंदणीकृत मंडळीने आपल्या ट्रस्टच्या पावतीवर घ्यावं, दोन वेगळ्या मंडळ्यांच्या माणसांनी तिथेच मोजावं. शनिवार-रविवार जाऊन बुधवारी ३१ मार्च, वर्षअखेर. सोमवारीच भरणा करा.

पूर्वभाग
पाणपोईच्या गप्पा नकोत, हिशोब सांगा. दिवसाला ५०० माणसं, प्रत्येकी २०० मिलिलीटरचे दोन ग्लास, म्हणजे २०० लिटर. नळ काही दिवसांआड येणाऱ्या गावात हे पाणी रोज कुठून? ज्या मंडळीच्या आवारात बोअर आणि टाकी आहे, तिच्याच दारात पाणपोई लागेल आणि नावही तिचंच होईल.

महिला मंडळ
बोअरचं पाणी प्यायला द्यायचं तर आधी तपासून घ्या, नाहीतर २० लिटरचे दहा जार रोज विकत. रांजण वाळूवर ठेवून भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं की आपल्या कोरड्या हवेत पाणी छान गार राहतं. लांब दांड्याचं ओगराळं साखळीने बांधा, नाहीतर लोक हात बुडवतात. दर तिसऱ्या दिवशी रांजण घासायचा. पाणपोई बंद पडते ती इथेच, पैशांनी नव्हे. पहिले पंधरा दिवस उत्साह, मग शेवाळ. एका मंडळीला सलग आठवडा द्या. रोज पाळी बदलली की ‘आज त्यांची होती’ एवढंच ऐकू येतं.

तरुण संघ
शनिवारी रक्तदान शिबिरही घेऊ या, सगळे तरुण एकत्र असतातच.

महिला मंडळ
शनिवारी अजिबात नको, दादा. शुक्रवारचा उपवास, ऊन, त्यावर ३५० मिली रक्त काढलं तर पोरं तिथेच आडवी होतील. उपाशीपोटी कुठलीही रक्तपेढी रक्त घेत नाही. मेच्या सुरुवातीला घ्या, तेव्हा कॉलेजं बंद असल्याने शिबिरं कमी आणि रक्ताची चणचण असते. पुरुषांना दोन दानांत ९० दिवसांचं अंतर लागतं, म्हणून नाताळातल्या शिबिराचे दाते तेव्हा चालतील.

प्रचारक
सगळं ठीक, पण पाणी पाजून गप्प राहायचं? सोबत येशूचा संदेश छापलेली पत्रिका का नको? सांगायचंच नसेल तर ही समाजसेवा झाली, साक्ष नव्हे.

जुना पंच
पत्रिका उपासनेच्या दारात ठेवा, हवी त्याने उचलावी. पाण्याच्या ग्लासाबरोबर हातात देऊ नका. तहानलेला माणूस नाही म्हणू शकत नाही, आणि ‘पाण्याच्या बदल्यात’ असा बोभाटा झाला की आठवडाभरात पाणपोई उठेल.

प्रचारक
हे मला मान्य नाही. भिंतीवर एक वचन तरी लिहू द्या.

रेल्वेलाइन्सकर
वचन लिहा, पण मंडळीचं नाव नको. कुणाच्याच.

पूर्वभाग
नाव नसेल तर आमच्याकडचा जुना रांजण देतो. जागा मात्र अशोक चौकाकडे हवी, दरवेळी सात रस्त्यालाच का?